कृतज्ञतेची वही तुम्हीच ठेवा, आम्ही हिशेब लिहितो

शहरी मध्यमवर्गात सध्या एका छंदाची चलती आहे. जर्नलिंग. सकाळी लवकर उठून जाड पिवळसर कागदाची वही उघडायची, शाईच्या पेनाने मनातलं उतरवायचं, कडेला रंगीत वॉशी टेप लावायची, शेजारी कॉफीचा कप ठेवायचा, वरून फोटो काढायचा आणि इन्स्टाग्रामवर टाकायचा. खाली लोक विचारतात, पेन कुठलं, कागद किती जीएसएमचा. या छंदात पंथही आहेत. कुणी रायडर कॅरोल यांच्या बुलेट जर्नलचे, कुणी ज्युलिया कॅमेरॉन यांनी १९९२ साली 'द आर्टिस्ट्स वे'मध्ये सांगितलेल्या सकाळच्या तीन पानांचे, आणि बहुतेक सगळे कृतज्ञतेच्या यादीचे. झोपण्याआधी आजच्या तीन चांगल्या गोष्टी लिहा, आभार माना, मन हलकं होईल. बंगळुरूत कॅफेत एकत्र बसून वह्या लिहिण्याच्या बैठका भरतात. मराठीतही याचे रील्स आता ढिगाने सापडतात.

कुणी वही लिहितं म्हणून माझ्या पोटात दुखायचं कारण नाही. मी स्वतः गेली दहा वर्षं रोज लिहिते. समाजशास्त्राच्या संशोधकाला वहीशिवाय चालतही नाही. माझं भांडण या छंदाबरोबर फुकट वाटल्या जाणाऱ्या दोन सल्ल्यांशी आहे. पहिला सल्ला: वहीत तक्रार नको, हिशेब नको, कृतज्ञता लिहा. दुसरा: जे लिहाल ते इतरांना दाखवा, त्यातून 'कम्युनिटी' तयार होते. हे दोन्ही सल्ले सवर्ण घरातल्या लिहिण्याच्या टेबलावर निरुपद्रवी असतील. तेच उचलून पीण्यातल्या शिलाई मशीनवर बसलेल्या बाईच्या हातात ठेवले, की ते तिची साक्ष पुसायला लागतात.

पीण्यातल्या दोन वह्या

पीण्या औद्योगिक क्षेत्र बंगळुरूच्या वायव्येला, तुमकूर रस्त्याच्या कडेला आहे. १९७० च्या दशकात उभी राहिलेली ही वसाहत आज आशियातल्या मोठ्या औद्योगिक वसाहतींमध्ये मोजली जाते. लेथ, डाय, प्लेटिंग, पावडर कोटिंगची लहान लहान युनिटं एका बाजूला आणि तयार कपड्यांचे मोठे कारखाने दुसऱ्या बाजूला. २०१४ पासून मेट्रो डोक्यावरून जाते, पण तिच्यातून दिसतात ते फक्त पत्रे. माझ्या पीएच.डी.चं क्षेत्रकार्य इथल्या कपडा कामगार बायकांमध्ये आहे. लग्गेरे, हेगनहळ्ळी, राजगोपालनगर या वस्त्यांमध्ये त्या राहतात. मला भेटलेल्यांपैकी बहुतेकजणी दलित, मागास आणि मुस्लिम घरांतल्या. उत्तर कर्नाटकातून आलेल्या बऱ्याच, आणि त्यांत बेळगाव-बिदरकडच्या मराठी बोलणाऱ्याही.

इथल्या एका कारखान्यात मानसिक आरोग्याची कार्यशाळा झाली. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण असा कारखाना एकच नाही. लाइनवरच्या प्रत्येकीला एकेक वही मिळाली. मुखपृष्ठावर सूर्यफूल, आत कन्नड आणि इंग्रजीत छापलेले प्रश्न. आज कोणत्या तीन गोष्टींबद्दल तुम्ही कृतज्ञ आहात? आज तुम्ही कुणाला माफ केलंत? आज तुमच्या सहकाऱ्यांनी तुम्हाला कसा आनंद दिला? दोन आठवड्यांनी वह्या गोळा झाल्या आणि चांगल्या पानांचे फोटो कंपनीच्या पानावर झळकले. वही देणाऱ्यांनी हे अगदी मनापासून केलं असेल. पण बघा, या प्रश्नांच्या यादीत एकही प्रश्न असा नाही, ज्याचं उत्तर आकड्यात द्यावं लागेल.

भालकीकडच्या एका ताईंनी मला त्यांची सूर्यफुलाची वही दाखवली. पहिल्या दोन पानांवर देवाचे, नवऱ्याचे आणि सुपरवायझरचे आभार. पुढे कोरी. मी विचारलं, पुढे का नाही लिहिलं? त्या म्हणाल्या, "काय लिहू पोरी? माझा पगार ह्या वहीत बसत न्हाई."

त्यांची दुसरी वही ट्रंकेत होती. मुलाच्या शाळेच्या वहीतली उरलेली पानं शिवून केलेली. तिच्यात तारीख, तासाचं टार्गेट, निघालेले पीस, सुटायची वेळ, ओटीचे तास. महिन्याच्या शेवटी स्लिपवरचा आकडा, पीएफ, ईएसआय, चिटीचा हप्ता. आजारपणाच्या रजा, त्यांतल्या किती कापल्या. ज्या दिवशी शिवी मिळाली त्या तारखेपुढे एक फुली. मधेच मुलीला पहिली पाळी आली तो दिवस, आई गेली तो दिवस, गावी पाऊस झाल्याचा फोन आला तो दिवस. बुलेट जर्नलच्या पुस्तकात जे काही करायला सांगितलेलं आहे, ते सगळं या वहीत होतं. फक्त तिला कुणी छंद म्हणणार नव्हतं.

या वहीत ओळीने येणारी एक नोंद होती: '४१७ नाही'. ज्यांना संदर्भ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एप्रिल २०२० पासून कर्नाटकात किमान वेतनातला महागाई भत्ता महिन्याला ४१७ रुपयांनी वाढायला हवा होता. कपडा उद्योगाने तो दिला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने थकबाकीसह द्या असं सांगितलं, तरी बहुतेकांनी दिला नाही. चार लाखांहून जास्त कामगारांचा हा पैसा होता. संघटनांनी धरून ठेवलं, कामगार हक्कांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटांनी परदेशी ब्रँडवर दबाव आणला, तेव्हा २०२२ मध्ये थकबाकी हातात यायला लागली. ताईंच्या हातात आली तेव्हा त्यांनी महिने मोजले. दोन महिने कमी भरत होते. त्यांनी वही संघटनेच्या बाईंना दाखवली, त्याच लाइनवरच्या आणखी सहाजणींच्या स्लिपा काढल्या आणि राहिलेले दोन महिने वसूल केले. कृतज्ञतेच्या वहीत ही थकबाकी 'आज पगार वाढून मिळाला, आभारी आहे' एवढ्यावर मिटली असती.

आभार कोणी कोणाचे मानायचे

कृतज्ञता वाईट भावना नाही. माझ्या आईने मला शिकवलं त्याबद्दल मी जन्मभर तिची ऋणी आहे. पण मनात आपोआप येणारी कृतज्ञता वेगळी आणि वरून मागितली जाणारी कृतज्ञता वेगळी. ही दुसरी आपल्या ओळखीची आहे. गावकीचं काम करणाऱ्या महाराने बलुतं मागायला दारात उभं राहून 'जोहार मायबाप' म्हणायचं, ही कृतज्ञतेचीच सक्ती होती. बलुतं मेहनतीचा मोबदला होता, पण ते घेताना उपकार घेतल्यासारखं वाकायचं. हक्काला उपकाराचं रूप दिलं की हिशेब मागता येत नाही, ही जातिव्यवस्थेची फार जुनी युक्ती.

बाबासाहेबांनी ही सवय मोडायला लावली. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. त्या ठरावाबद्दल आभार मानून घरी बसता आलं असतं. २० मार्च १९२७ ला लोक तळ्यावर गेले, कारण कागदावर असलेलं पाणी ओंजळीत आलं का, हे तपासून घ्यायचं होतं. पीण्यातली बाई '४१७ नाही' लिहिते तेव्हा तीही हेच तपासत असते.

कुणी म्हणेल, पण लिहिल्याने मन शांत होतं हे विज्ञानाने सिद्ध झालंय, तुम्ही त्यात जात कशाला आणता? विज्ञानाचंच बोलूया. या विषयावरचा सर्वांत जास्त सांगितला जाणारा प्रयोग जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांचा, १९८६ चा. त्यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस थोडा थोडा वेळ लिहायला बसवलं. काय लिहायला सांगितलं होतं? आयुष्यातला सर्वांत त्रासदायक अनुभव. आजच्या तीन छान गोष्टी नव्हे. ज्यांना विज्ञान पाहिजे त्यांनी आधी कारखान्यातल्या वहीतला 'कुणाला माफ केलंत?' हा प्रश्न खोडावा आणि 'कुणी त्रास दिला?' असा छापावा. मग बघू किती पानांचे फोटो कंपनीच्या पानावर येतात.

रोजनिशी कुणाची होती

मराठीत 'रोजनिशी' हा शब्द मनाचे कढ लिहिण्याच्या वहीसाठी तयार झालेला नाही. तो दप्तरातला शब्द आहे. पेशव्यांच्या रोजनिश्या म्हणजे रोजच्या हुकुमांची, जमाखर्चाची, दंडाची, इनामांची नोंद. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यातून केलेले वेचे छापलेले आहेत. हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने असल्याच कागदांवरून अठराव्या शतकातलं राज्य जातीची बंधनं कशी राबवत होतं ते दाखवलं. कोणत्या जातीने काय करायचं नाही, कोणाला जातीबाहेर टाकायचं, कोणाला परत घ्यायचं, हे सगळं नोंदीत होतं. ज्यांच्या हातात सत्ता होती, त्यांनी रोजनिशीत हिशेब लिहिला. त्यांना कुणी सांगितलं नाही की हिशेबाने मन जड होतं.

खाली गावातही तेच. दोन गावांच्या शिवेवरून तंटा झाला की महाराची साक्ष निर्णायक मानली जाई, हे वतनाच्या इतिहासात सर्वमान्य आहे. पण दप्तर कुलकर्ण्याचं. शीव महाराने सांगायची आणि कुलकर्ण्याने लिहायची. आपल्याजवळ साक्ष होती, लेखणी नव्हती. म्हणून १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला, ती आपल्याकडची मोठी घटना. त्यात तिने मन हलकं केलेलं नाही. पेशवाईत काय काय झालं आणि धर्म म्हणवणाऱ्यांनी आम्हाला काय दिलं, याचा तिने जाब मागितला. आपलं लेखन सुरू झालं तेच जाबाने आणि हिशेबाने.

म्हणून आज कुणी मला सांगतं की डायरी ही हिशेबाची जागा नव्हे, ती स्वतःशी संवाद करण्याची जागा आहे, तेव्हा मला विचारावंसं वाटतं: तुमचे हिशेब कोण ठेवतं? जमिनीचा उतारा, फ्लॅटचं खरेदीखत, आजोबांचं वतन, वडिलांची पेन्शन, हे सगळं कुठल्या तरी दप्तरात तुमच्या नावाने सुरक्षित आहे. म्हणून तुमची वही भावनांसाठी मोकळी आहे. ज्यांच्या नावाची नोंद कुठल्याच दप्तरात नीट नाही, त्यांना भावना आणि हिशेब एकाच पानावर लिहावे लागतात.

कपाट, कुलूप आणि वेळ

या छंदाचा दुसरा गृहीत धरलेला आधार म्हणजे खासगीपणा. आपली वही कुणी उघडणार नाही, हा विश्वास. पीण्याच्या आसपास कामगार राहतात ते वठारात. एका ओळीत खोल्या, सामाईक संडास, सामाईक नळ. एका खोलीत पाचजण. गावाहून आणलेल्या मुली कंपनीच्या हॉस्टेलात, तिथे वॉर्डन ट्रंक तपासते. पाळी संपवून स्वयंपाक, पाणी, मुलं आटोपली की रात्रीचे अकरा. २०२३ मध्ये कर्नाटकाने कारखाने कायद्यात दुरुस्ती करून दिवसाचे कामाचे तास बारापर्यंत न्यायची मुभा दिली. सकाळची तीन पानं कुठल्या सकाळी लिहायची?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलं. ती याचिका करणारे के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती आणि बंगळुरूचेच रहिवासी होते. निकाल आपल्या बाजूचा आहे, हे मान्य. पण वठारातल्या बाईला हा हक्क वापरायला आधी एक कुलूप लागतं, आणि कुलूप लावायला एक कपाट.

बेबी कांबळे यांची गोष्ट आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे, तरी या संदर्भात पुन्हा सांगावी लागते. फलटणला छोटं दुकान चालवता चालवता त्यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं. घरच्यांच्या भीतीने लिहिलेले कागद त्या घरात अडगळीला, कुणाचा हात जाणार नाही अशा जागी लपवत राहिल्या. वीसेक वर्षं. १९८० च्या दशकात ते 'स्त्री' मासिकातून आणि मग पुस्तकरूपाने बाहेर आलं. हा एका बाईचा व्यक्तिगत लपाछपीचा खेळ नव्हता. जातीने बाहेर आणि पुरुषसत्तेने घरात, अशा दोन्ही बाजूंनी तिच्या कागदांवर नजर होती. बाबासाहेबांच्या चळवळीत घडलेल्या बाईलाही घरात वही लपवावी लागली, हे आपल्या पुरुषांनी विसरू नये. पीण्यातल्या ताईंची दुसरी वही ट्रंकेच्या तळाशी साडीखाली असते. नवरा वाईट नाही, त्या म्हणाल्या, पण चिटीचा आकडा त्याला कळला तर आकडा राहणार नाही.

दाखवायचं कुणाला

आता दुसऱ्या सल्ल्याकडे येते. 'शेअर करा.' हा सल्ला फक्त जर्नलिंगवाल्यांकडून येत नाही. आपल्या बाजूच्या भल्या माणसांकडूनही येतो. 'तुमची कहाणी जगासमोर आली पाहिजे.' एका परिसंवादात मी ट्रंकेतल्या वहीचा ओझरता उल्लेख केला, तर चहाच्या वेळी एक प्राध्यापक जवळ येऊन म्हणाले, "अहो, सोनं आहे हे! स्कॅन करून टाका ऑनलाइन." वही कुणाची, तिला विचारलं का, हा प्रश्न त्यांना सुचलाही नाही. आपल्या माणसांचं दुःख सार्वजनिक मालमत्ता असल्यासारखं वागवलं जातं. गावविहीर मात्र कधी सार्वजनिक नव्हती.

सवर्ण मुलगी तिच्या डायरीचं पान टाकते तेव्हा वाचणारा तिला व्यक्ती म्हणून वाचतो. तिचं एकटेपण तिचं एकटीचं असतं. दलित मुलीने तेच पान टाकलं की ती 'दलित स्त्रीचा आवाज' होते. खाली दोन प्रकारची माणसं जमतात. एक हळहळणारी, दुसरी आरक्षणाचा विषय काढणारी. शिवाय तो स्क्रीनशॉट घरमालकापर्यंत, एचआरपर्यंत, होणाऱ्या सासरपर्यंत जाऊ शकतो. दया पवार यांचं 'बलुतं' १९७८ साली आलं तेव्हा बाहेर कौतुक झालं, पण समाजातल्याच काहींनी त्यांना विचारलं, आपली घाण चव्हाट्यावर कशाला मांडलीस? तो प्रश्न चुकीचा होता, असं मी म्हणेन. पण त्यामागची भीती खोटी नव्हती. दाखवण्याची किंमत प्रत्येकाला सारखी पडत नाही.

रोहित वेमुला फेसबुकवर सातत्याने लिहायचा. विज्ञान, राजकारण, मैत्री, जात. १७ जानेवारी २०१६ ला तो गेल्यानंतर त्या नोंदींचं पुस्तक निघालं, निखिला हेन्री यांनी संपादित केलेलं 'कास्ट इज नॉट अ रूमर'. मुखपृष्ठावर त्याला रोहितची ऑनलाइन डायरी म्हटलं आहे. पुस्तक निघालं ते चांगलंच झालं. पण तो जिवंत असताना त्या नोंदी उघड्या होत्या, सगळ्यांना दिसत होत्या. तेव्हा त्या पुरावा म्हणून किती जणांनी वाचल्या? ऑनलाइन डायरीने 'कम्युनिटी' तयार होते म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यावं.

विद्यापीठातही हेच चित्र आहे. एम. एन. श्रीनिवास हे भारतीय समाजशास्त्रातलं मोठं नाव, बंगळुरूच्या आयसेक या संस्थेच्या उभारणीतले. १९४८ साली त्यांनी म्हैसूरजवळच्या एका गावात राहून क्षेत्रकार्य केलं. १९७० च्या एप्रिलमध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत त्या टिपणांवर संस्कार करून तयार केलेल्या तीनही प्रती जळाल्या. मग त्यांनी मुख्यतः आठवणीतून 'द रिमेम्बर्ड व्हिलेज' लिहिलं, १९७६ साली. ते अभिजात ठरलं. आपण गाव वरच्या जातींच्या बाजूने पाहिलं, हे श्रीनिवासांनी स्वतःच त्यात सांगून ठेवलंय, हा त्यांचा प्रामाणिकपणा. माझा प्रश्न वेगळा आहे. ब्राह्मण अभ्यासकाची आठवण ज्ञान ठरते आणि त्याच गावातल्या दलित वाड्यातल्या माणसाची आठवण 'अनुभव' ठरते, हे कोण ठरवतं? गोपाळ गुरू यांनी २००२ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त सिद्धान्त मांडणारे ब्राह्मण आणि अनुभव पुरवणारे शूद्र अशी विद्यापीठाची विभागणी दाखवून दिली. वही स्कॅन करून टाका म्हणणारे प्राध्यापक याच विभागणीतून बोलत होते. वही ताईंची आणि सिद्धान्त त्यांचा.

न दाखवलेलं पान

ताईंच्या वहीत एक पान आहे. त्यावर फक्त तारीख आणि त्याखाली एकच शब्द: 'पाणी'. मी विचारलं, या दिवशी काय झालं? ताईंनी वही हळूच मिटली. म्हणाल्या, "ते माझ्यापुरतं हाय."

संशोधक म्हणून मला शिकवलंय की इथे थोडं थांबायचं, मग वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारायचं. मी विचारलं नाही, विचारणारही नाही. त्या शब्दावर मला एक प्रकरण लिहिता येईल, त्यात महाड येईल, कारखान्यातला कूलर येईल, वठारातला नळ येईल. ते सगळं माझं असेल, ताईंचं नाही. त्यांनी थकबाकीचं पान संघटनेच्या बाईंना दाखवलं, कारण तिथे दाखवून पैसे मिळणार होते. 'पाणी'चं पान कुणालाही दाखवलं नाही. काय कुणापुढे ठेवायचं आणि काय मिटून ठेवायचं, हा निर्णय त्यांनी स्वतः घेतला. ज्या समाजाची झोपडी, चूल, बाळंतपण, मेलेलं ढोर, सगळं गावाच्या नजरेखाली होतं, त्या समाजातल्या बाईने एक पान मिटून ठेवणं याला मी छोटी गोष्ट मानत नाही.

बाबासाहेबांनीही आपल्या हाताने आठवणी लिहिल्या. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. लहानपणीचा कोरेगावचा प्रवास, बडोद्यातली पारशी सराई, चाळीसगाव, दौलताबाद. त्या त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाल्या नाहीत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली त्या छापल्या. आज त्या जगातल्या विद्यापीठांत शिकवल्या जातात. त्यांची रचना पाहा. सहा प्रकरणं. चार स्वतःची. पाचव्यात काठेवाडातली एक बाळंतीण, जिला डॉक्टरने नीट उपचार दिले नाहीत. सहाव्यात तलाठ्याच्या जागेवर नेमलेला एक तरुण, ज्याला धमक्यांनी नोकरी सोडावी लागली. स्वतःच्या आठवणींच्या वहीत त्यांनी दुसऱ्यांच्या साक्षीला जागा दिली. तारीख, ठिकाण, कोण काय म्हणालं, सगळं नेमकं. त्यात स्वतःची कीव नाही आणि कुणाचे आभारही नाहीत.

मला वही लिहिण्याचा हा नमुना पुरेसा वाटतो. म्हणून ज्या बहिणी, ज्या मित्रमैत्रिणी हे वाचत आहेत, त्यांना माझं सांगणं साधं आहे. लिहा. शंभर पानी साधी वही चालेल, वॉशी टेप नको. तारीख लिहा, वेळ लिहा, नाव लिहा, आकडा लिहा. हॉस्टेलच्या मेसमध्ये कोण काय बोललं, गाइडने कितव्यांदा भेट टाळली, फेलोशिपचा हप्ता किती महिने आला नाही, स्लिपवर किती आणि हातात किती. वर्षभराने हीच वही तक्रार समितीपुढे, कामगार आयुक्तांपुढे, न्यायालयापुढे तुमच्या बाजूने बोलेल. आनंद झाला तर तोही लिहा, आपल्या वाट्याचा आनंद काय कुणाच्या बापाचा नाही. महत्त्वाच्या पानाची एक प्रत विश्वासाच्या माणसाकडे ठेवा, ढगात नव्हे. आणि दाखवायचं असेल तर आधी स्वतःला विचारा: हे पाहून समोरचा काय करणार? नुसता हळहळणार असेल तर वही मिटा. शेजारी उभा राहणार असेल तर उघडा.

आणि सूर्यफुलाच्या वह्या वाटणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी छापील प्रश्नांत एक भर घाला: 'या महिन्यात कंपनीकडून तुमचं किती येणं बाकी आहे?' उत्तरासाठी भरपूर ओळी सोडा.

जय भीम.